गुरुवारचे हंडे

मिलिंददादा,

तू गेल्यावर, तुझ्या जलदानविधीच्या दिवशी बुवापाड्याच्या विहारात मी मागच्या सतरंजीवर बसले होते आणि खरं सांगू का, रडत नव्हते. चिडले होते. वंदना झाली, लोक एकेक करून तुझ्या फोटोला फूल वाहायला उठले आणि माझ्या पुढे बसलेले आपले मोहनकाका शेजारच्याच्या कानाला लागले. "ह्या गुरुवारपासून सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवायचं हां. मिलिंद होता तोवर ठीक होतं. आता कोण बघणार?" मोहनकाका! उल्हासनगरच्या ऑफिसात उभा जन्म पापडाच्या पाकिटांची चित्रं काढणारा माणूस, तुझा जिगरी, तुझ्या डब्यातली सुकट विचारल्याशिवाय उचलणारा. त्याचाही तुझ्या कामावर भरवसा नाही. भरवसा होता तो फक्त तुझ्यावर. मला तिथल्या तिथे म्हणावंसं वाटलं, "काका, मी काय मेले का?" पण विहारात, त्यातून त्या दिवशी, असं बोलायचं नसतं, म्हणून पांढऱ्या साडीचा पदर तोंडाला लावून गप्प बसले. वहिनींना वाटलं मी रडतेय. त्यांनी येऊन पाठीवर हात फिरवला. मग मात्र खरंच रडू आलं.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी ते सगळं कंपनीच्या ग्रुपवर फुलांच्या चौकटीत येऊन गेलं. त्यात तुला 'कॉम्प्युटर रिपेअर विभाग' म्हटलंय. हसू नकोस. मी भांडून बदलायला लावलं, तोवर साठ जणांचे हात जोडून झाले होते. मला ते काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तेही आपल्या भांडणाबद्दल, जे अर्धवट टाकून तू निघून गेलास.

तुला काय सांगायचं, पण हे कुणी तिसऱ्याने वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. आपली कंपनी डबे, पाकिटं, लेबलं छापते. मिठाईचे डबे, पापडाची पाकिटं, जीन्सला लटकणारे टॅग. ऑर्डरी घ्यायच्या उल्हासनगरला, कॅम्पातल्या जुन्या ऑफिसात. छापायचं अंबरनाथला, एमआयडीसीत. आणि डिझाइनं, एक मोहनकाकांची सोडली तर, करायची बदलापूरला, स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगीत. पूर्वी सगळ्या फाइली एकाच मशिनवर, अंबरनाथच्या कारखान्यात. आणि शुक्रवारी एमआयडीसीची लाइट जाते. लाइट गेली की मशिन बंद, मशिन बंद की उल्हासनगरला आणि बदलापूरला माणसं माश्या मारत बसणार. म्हणून गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांचा एकच कार्यक्रम असायचा. उद्या लागतील त्या, लागणार नाहीत त्या, सगळ्या फाइली आपापल्या डेस्कटॉपवर उतरवून घ्यायच्या. तू त्याला 'गुरुवारचे हंडे' म्हणायचास. उद्या पाणी येणार नाही म्हटल्यावर बायका घरातली पातेलीसुद्धा भरून ठेवतात, अगदी तसंच.

तू ते बंद करायला निघालास. तीन गावांत तीन सर्व्हर, तिन्हीवर त्याच फाइली. एकावर काही बदललं की बाकी दोघांवर आपोआप बदलणार. आणि माणसांना दिसणार एकच दार, एकच नाव: 'छापखाना'. आपले मालक हरेशसेठ, त्यांना त्यात अंबरनाथचं नाव हवं होतं, बदलापूरवाल्यांना बदलापूरचं. तू कुणाचंच ऐकलं नाहीस. म्हणालास, "फाइल राहते कुठे हे माणसाला कशाला कळायला पाहिजे? उघडली म्हणजे झालं."

मी तेव्हा नवीन होते. तुला विचारलं, "पण सर, ह्यातली असली फाइल कुठली?"

"तिन्ही असली."

"असं कसं? एक असली आणि दोन झेरॉक्स ना?"

"नाही गं बाय. तिन्ही असली. आणि सर नको म्हणू, सर म्हटलं की मला कुणीतरी मागून हाक मारतंय असं वाटतं. दादा म्हण."

दादा तर म्हटलंच, पण तिन्ही असली ही गोष्ट मला पटायला पुष्कळ दिवस लागले. आमच्या घरी आगरी रीतीने सगळ्याला एक मूळ लागतं. मूळ घर, मूळ जमीन, मूळ भाऊ. त्याच्यावर भांडणं करायची. तुझ्या छापखान्यात मूळच नव्हतं.

आणि मुलाखतीचं आठवतं का? त्या दिवशी बाकीच्यांनी मला विचारलं, तिन्ही ठिकाणी धावपळ जमेल का, लग्न कधी करणार, उशीर झाला तर घरचे बोलतील का. तू कोपऱ्यातून एकच विचारलंस, "चिडतेस का गं लवकर?" मी म्हटलं, "हो." तू म्हणालास, "मग घ्या हिला. शांत माणूस ह्या मशिनींपुढे टिकत नाही." त्याबद्दल मी कधी तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती. आपल्यात पद्धत होती ती एकमेकांना घालूनपाडून बोलायची. पण आता म्हणते. दादा, त्या एका वाक्यावर माझं घर उभं आहे. आईचं औषध, धाकट्याचं कॉलेज, माझी स्वतःची स्कूटी, सगळं.

नारळाचा किस्सा तर मी लोकांना अजून सांगते. बदलापूरचं ऑफिस नवीन, म्हणून हरेशसेठच्या अम्मा स्वतः आल्या. सर्व्हरला हळदकुंकू, हार, समोर नारळ. तू बाजूला हात बांधून उभा. तुला पूजेशी देणंघेणं नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं नाही हे तुझं ठरलेलं. तिन्ही मशिनींची जोडणी सुरू करायची वेळ आली तेव्हा स्क्रीनवर प्रश्न आला, ह्या तिघांत पहिला कोण. म्हणजे सुरुवातीला कुणाचं खरं धरायचं. अम्मा म्हणाल्या, "बेटा, जिसकी पूजा हुई वही पहला." आणि तू, एवढा हुशार माणूस, सगळे टाळ्या वाजवायला हात वर करून उभे असताना, बदलापूरवर खूण केलीस! बदलापूरचा सर्व्हर कोरा करकरीत. त्याच्या पोटात हार आणि अगरबत्तीचा धूर सोडून काही नव्हतं.

पेढा तोंडात असतानाच उल्हासनगरहून मोहनकाकांचा फोन. "मिलिंद, फाइली गेल्या रे! पापड गेला, मिठाई गेली, सगळं साफ!" नवा सर्व्हर कोरा, तो पहिला, म्हणून बाकीच्यांचं सामान सिस्टिमने इमानदारीत बाजूला काढून ठेवलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझ्या तोंडातून निघालं, "बोंबला!" अम्मांनी विचारलं, "क्या हुआ?" तू तोंड पुसून म्हणालास, "कुछ नहीं अम्मा, शगुन हो गया." मग शांतपणे खुर्ची ओढलीस. फाइली पुसल्या नव्हत्या, अंबरनाथच्याच सर्व्हरवर एका लपवलेल्या फोल्डरात नीट जपून ठेवलेल्या होत्या. तू त्या बाहेर काढल्यास, पहिला मान अंबरनाथला दिलास आणि पहिल्यापासून जोडणी केलीस. अम्मांना कधी कळलं नाही. त्या अजून म्हणतात, माझ्या हातची पूजा लाभली.

तर असा छापखाना सुरू झाला. आणि चालला की! शुक्रवारी अंबरनाथची लाइट जायची, पण उल्हासनगर आणि बदलापूर आपलं काम करत राहायचे. मला वाटलं, झालं, जिंकलो. कसलं काय. पुढच्याच गुरुवारी संध्याकाळी बघते तर सगळे डेस्कटॉपवर फाइली उतरवतायत. मी ओरडले, "अहो, आता गरज नाही!" मोहनकाका म्हणाले, "असू दे गं. भरलेलं काय वाया जातं का?"

वाया जात नाही, नासतं. शुक्रवारी बदलापूरची केतकी एका डिझाइनमध्ये बदल करायची, अंबरनाथची लाइट आली की ती नवी फाइल तिन्ही ठिकाणी पोचायची. शनिवारी मोहनकाका आपली गुरुवारची शिळी फाइल परत छापखान्यात टाकायचे. सिस्टिमला काय, शेवटी आलेलं ते खरं. ती शिळी फाइल तितक्याच वेगाने तिन्ही सर्व्हरवर. केतकीचं काम मातीत.

त्या पापडवाल्या आंटींचं पाकीट तसंच छापलं गेलं. त्यांनी हौसेने नवा फोटो काढून दिला होता, नवा चष्मा, नवी साडी. छापून आला तो जुना, तरुणपणचा. अख्खा लॉट. सेठच्या कपाळावर आठ्या, केतकी रडकुंडीला, मी मोहनकाकांचा गळा धरायच्या बेतात. आणि आंटी आल्या, पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, "अरे, यही रखो ना. इसमें मैं अच्छी लग रही हूँ." तू खाली बसून हसलास, दादा. भिंतीला पाठ लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुझं ते हसणं आठवलं की मला अजून बरं वाटतं.

पण दर वेळी आंटी वाचवायला येणार नव्हत्या. इथून आपलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं सरळ होतं. कुलूप लाव. उल्हासनगरला फक्त बघायची परवानगी दे, बदलायची नाही. तुझं म्हणणं, "तू कुलूप लाव, ते डेस्कटॉपवरच संसार मांडतील. मग आपल्याला कळणारही नाही कोण काय करतंय."

"मग काय, हात जोडायचे त्यांना?"

"त्यांना भरवसा नाही, वैशाली. भरवसा सांगून येत नाही, दाखवावा लागतो."

"शुक्रवारी दिसतोच की."

"शुक्रवारी काय दिसणार? सगळे हंडे भरून बसलेले. एकदा मधल्याच वारी, भरदुपारी, कुणाला न सांगता अंबरनाथचा सर्व्हर बंद करू. काम चालतं का बघू. चाललं तर मग सगळ्यांना सांगू."

मी म्हटलं, "डोकं फिरलंय तुझं. प्रेस चालू असताना?"

"प्रेस चालू असतानाच. तू हो म्हण, मग करू."

"मी मेले तरी हो म्हणणार नाही."

हे आपलं किती वेळा झालं असेल! कारखान्याच्या गेटवरच्या टपरीवर, सर्व्हरच्या त्या फ्रिजसारख्या थंड खोलीत, तुझ्या बाइकवर मागे बसून, तू हेल्मेटमधून आणि मी तुझ्या पाठीवर थापा मारत. एकदा तर आपण वाद घालता घालता विठ्ठलवाडीचं वळण चुकून पुढे गेलो. आणि हे लिहून ठेवते, तेव्हा माझंच बरोबर होतं. तेव्हा बदलापूर आणि उल्हासनगर एकमेकांशी सरळ बोलत नव्हते. जे काही जायचं ते अंबरनाथमधून जायचं. अंबरनाथ बंद केलं असतंस तर ते दोघं रुसलेल्या जावांसारखे तोंड फिरवून बसले असते. मी तेवढं बोलले आणि तू चमकून बघितलंस. "हे बरोबर बोललीस," म्हणालास. मग तू त्या दोघांची सरळ जोडणी करून घेतलीस. म्हणजे आता तिघं तिघांशी बोलणार. आणि जोडणी झाली तशी परत माझ्यासमोर येऊन उभा. "आता हो म्हण."

मी नाहीच म्हटलं. मला भीती वाटायची, दादा. सर्व्हरची नाही. तुझी. काही बिघडलं तर सगळ्यांच्या देखत तुझी फजिती होईल, ह्याची. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू मला हट्टी समजत राहिलास आणि मीही समजू दिलं.

मग तू आजारी पडलास. ते दिवस मी इथे काढत बसत नाही. बुवापाड्याला तुला बघायला यायचे तेव्हा तू मी कशी आहे हे विचारायच्या आधी विचारायचास, "सगळं हिरवं आहे ना?" स्क्रीनवर तिन्ही सर्व्हरच्या पुढे हिरव्या खुणा असल्या म्हणजे सगळं ठीक. मी म्हणायचे, "हिरवंगार." एकदा आईने दिलेला सुका जवला घेऊन आले. आईचा निरोपही तिच्याच भाषेत सांगितला, "दादाला सांग, जवला धाडलाय, खाऊन पटकन उठ." तुला खाववत नव्हतं तरी वहिनींना म्हणालास, "कर, वास तरी घेऊ दे." मग म्हणालास, "वैशाली, हंडे बंद झाले का गं?" मी खोटं सांगितलं नाही. "नाही दादा, तू घरी बसल्यापासून जास्तच भरतायत." तू डोळे मिटलेस. म्हणालास, "म्हणजे काम अजून झालं नाही." तुझी माझी ही शेवटची कामाची गोष्ट. त्यानंतर आपण फक्त तुझ्या लेकीच्या, अस्मिताच्या, परीक्षेबद्दल आणि औषधांबद्दल बोललो.

म्हणून विहारात मोहनकाकांचं ते वाक्य मला सुईसारखं टोचलं.

जलदान झाल्यावर दोन दिवसांनी हरेशसेठने मला कारखान्यात बोलावलं. पाणी दिलं, चहा मागवला. सेठने चहा मागवला की समजायचं, वाईट बातमी आहे. "देख बेटा," म्हणाला, "बाहर की एक कंपनी है. सब उनको दे देते हैं. तीन-तीन जगह का लफडा, तू अकेली क्या करेगी? वो बोलते हैं ये सब निकालके अपना सिस्टम डालेंगे."

म्हणजे छापखाना काढून टाकणार. तुझी ती 'तिन्ही असली'वाली गोष्ट उचकटून फेकणार. माझे कान गरम झाले. पण आश्चर्य बघ, मी चिडले नाही. मी म्हटलं, "सेठ, एक दिन दे दो मुझे. चलते काम में यहाँ का सर्व्हर बंद करूँगी. काम रुका, तो बाहरवालों को दे दो. मैं खुद बैठके उनको सब समझा दूँगी."

"कौनसा दिन?"

"वो नहीं बताऊँगी."

सेठने समोरचा कप बाजूला सारला. मग हसला. चष्मा काढून डोळे पुसले. "मिलिंद ने मुझे कबसे बोल रखा है," म्हणाला. "बोला था, सेठ, वैशाली एक दिन मशिन बंद करने की परमिशन माँगेगी. उस दिन ना मत बोलना."

तू मेल्या असा आहेस! मला आयुष्यभर हो म्हण, हो म्हण करून छळलंस आणि माझ्या आधी माझी परवानगी काढून ठेवलीस? बाहेर येऊन कागदाच्या रिळांमागे उभी राहिले आणि मनात तुला भरपूर शिव्या घातल्या.

मंगळवार धरला. मिठाईच्या डब्यांचा सीझन, प्रेस धडाडून चाललेली. सकाळी येऊन बघितलं, तिन्ही हिरवे, कुणाचं कुणाकडे काही राहिलेलं नाही. बॅकअप घेतला, कारण तूच शिकवलंस की तीन असली म्हणजे बॅकअप नव्हे, एकाने पुसलं की तिघांकडचं पुसलं जातं. दुपारी जेवणाची सुट्टी संपली, माणसं परत मशिनींवर गेली. मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तू म्हणायचास की वायर ओढायची. मी नाही ओढली. रीतसर बंद केला. तेवढी माझी शिस्त तू चालवून घे. पंखे हळूहळू थांबले. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

बाहेर आले. प्रेसच्या बाजूला स्टूल टाकून बसले, फोन मांडीवर. आता वाजेल, मग वाजेल. प्रेसवरचा दत्ता कॉम्प्युटरपुढे वाकला, क्लिक केलं, थांबला. परत क्लिक केलं. मग त्याने मान वळवून विचारलं, "मॅडम, आज नेट जरा स्लो आहे काय?"

"असेल," मी म्हटलं.

"उघडली, उघडली," तो म्हणाला आणि कामाला लागला. त्याच्या दहा पावलांवरचा सर्व्हर बंद होता आणि फाइल त्याला उल्हासनगरने दिली होती. त्याच्या स्क्रीनवर तोच छापखाना, तीच फाइल.

तेवढ्यात फोन वाजलाच. मोहनकाका. मी देवाचं नाव घेतलं, तुझंही घेतलं. "वैशाली, त्या काजूकतलीच्या डब्यावर 'शुद्ध तूप' ठेवायचं की 'देसी घी'? सेठ फोन उचलत नाही."

"काका, फाइल उघडली कुठून तुम्ही?"

"कुठून म्हणजे? छापखान्यातून."

"पेन ड्राइव्हवरून नाही?"

"अगं, आज मंगळवार ना!"

मला हसावं की रडावं कळेना. गिऱ्हाईक सिंधी होतं, म्हटलं 'देसी घी' करा. काकांनी तिकडे केलं. इकडे दत्ताने ताजी फाइल उघडली, छपाईची प्लेट निघाली, आणि पहिला कागद माझ्या हातात आला. शाई ओली होती. 'देसी घी', काजूकतलीच्या खाली, सरळ ओळीत. अंबरनाथच्या सर्व्हरला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बसले. केतकीने बदलापूरहून चार डिझाइनं पाठवली, ती छापली गेली. कुणालाही काही कळलं नाही. एकालाही नाही. मी जिंकले होते, तू जिंकला होतास, माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि त्याच वेळी आतून हलून गेले. कुणाला तरी कळायला हवं होतं असं मला वाटत होतं. एवढा मोठा एक बंद पडलाय आणि कामाला खीळ नाही, जेवणाला नाही, गप्पांना नाही. तुला हेच हवं होतं, मला माहीत आहे. त्या दिवशी दुपारी ते मला अजिबात नको होतं.

सेठला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आज? आज तो मैंने डिब्बा पास किया!" त्याने माझ्यासमोर बाहेरच्या कंपनीला फोन करून नाही म्हटलं. "एक आदमी रख ले हाथ के नीचे," म्हणाला. मोहनकाकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी माउस सोडून खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मिलिंदला सांगायला पाहिजे होतं गं हे." ह्या गुरुवारी त्यांनी दोनच फाइली उतरवल्या. दोन का, विचारलं, तर म्हणतात सवय जायला वेळ लागतो. मी वाद घातला नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर सर्व्हर परत चालू केला. तू मला हे कितीदा दाखवलं होतंस, पण मी कधी नीट उभं राहून बघितलं नव्हतं. तो उठला की आधी बाकी दोघांना विचारतो, मी नव्हतो तेव्हा काय काय झालं? आणि ते दोघं त्याला सगळं सांगतात, काही न वगळता. देसी घी, केतकीची चार डिझाइनं, कुणीतरी पुसलेली एक जुनी फाइल. तो मुकाट्याने घेत जातो. मग तिघांकडे सारखं होतं.

तेव्हा मला वाटलं, तुलाही कुणीतरी सांगायला हवं. म्हणून हे लिहायला बसले.

तर ऐक. अस्मिता पास झाली, गणितात तिला वाटलं होतं त्यापेक्षा चांगले मार्क आहेत. मी तिला पेन घेऊन दिलं, तिने मोबाइलचं कव्हर मागितलं होतं. तुझी ऑफिसातली खुर्ची मोडकी होती, मी ती टाकून दिली, राग मानू नकोस, पाठ धरत होती. आईने वहिनींना जवला धाडला आणि वर निरोप, एकटीने जेवायचं नाही, बदलापूरला यायचं. त्या रविवारी आल्या. जेवल्या. आईने त्यांना वाल निवडायला बसवलं, आणि निवडता निवडता दोघी कशावरून तरी हसल्या, मी आतून ऐकलं. टपरीवाल्याने चहा महाग केला. नवीन माणसासाठी जाहिरात दिलीय. उल्हासनगरच्या सर्व्हरची डिस्क भरत आलीय, ती मी पुढच्या महिन्यात बदलेन. तुझे शर्ट वहिनींनी अजून कुणाला दिलेले नाहीत, कपाटात तसेच आहेत. मी काही विचारलं नाही.

बाकी सगळं चालू आहे.

जय भीम, दादा.

तुझी,
वैशाली